खाल्लेले गोल सांगणारा गोली

दरंदले सर आमच्या शाळेत रुजू झाले त्या दिवशी त्यांनी सगळ्यात आधी माझा कप झेलला.

शेवगावच्या आमच्या शाळेत मी तेव्हा नववी-दहावीला गणित शिकवायचे. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये वह्यांच्या गठ्ठ्यावर चहाचा कप ठेवून मी लाल पेन शोधत होते आणि माझंच कोपर त्याला लागलं. कप गेला. खाली शहाबादी फरशी. मी डोळे मिटून घेतले आणि फुटल्याच्या आवाजाची वाट पाहत राहिले. आवाज आलाच नाही. डोळे उघडले तर नुकताच दारातून आत आलेला एक उंचापुरा, रुंद खांद्यांचा माणूस एक गुडघा जमिनीला टेकून बसलेला आणि माझा कप त्याच्या तळहातात. चहा मात्र सगळा त्याच्या नव्या शर्टावर.

"कप वाचला बाई," तो म्हणाला. "च्याचं काय करता आलं न्हाई."

ही आमची ओळख. चांगदेव दरंदले, नवे क्रीडाशिक्षक. मुख्याध्यापकांनी मागाहून ओळख करून दिली की हे फुटबॉलचे व्यावसायिक खेळाडू होते, गोलकीपर होते, पुण्या-मुंबईकडे, गोव्याला आणि कोलकात्याला खेळले. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवगावात तोवर फुटबॉल म्हणजे पावसाळ्यात पोरं चिखलात लाथाडतात ती वस्तू, एवढीच आमची समज होती.

त्यानंतर स्टाफरूममध्ये एक खेळच सुरू झाला. विज्ञानाचे गायकवाड सर मुद्दाम टेबलावरून काहीतरी पाडायचे. खडू, डब्याचं झाकण, एकदा तर लिंबू. दरंदले सर कुणाशी बोलत असले तरी बोलणं न थांबवता हात खाली जायचा आणि वस्तू परत टेबलावर यायची. आपण काही विशेष केलं असं त्यांच्या गावीही नसायचं. हात मात्र बघण्यासारखे होते. मोठे, फावड्यासारखे. डाव्या हाताची करंगळी कधीतरी मोडून आडवीच जुळलेली. त्यामुळे सर नमस्कार करायचे तेव्हा ती करंगळी शेजारच्या माणसाकडे रोखलेली असायची आणि आपल्यालाही नमस्कार केला असं वाटून तोही हात जोडायचा.

गोली, म्हणजे गोलकीपर, हा मैदानावरचा एकटाच माणूस असा, की ज्याला सगळा खेळ समोर दिसतो. त्यामुळे ओरडून इतरांना सांगत राहणं हे त्याचं कामच. दरंदले सरांचं खेळणं थांबलं होतं, ओरडणं थांबलं नव्हतं. प्रार्थनेला पोरांच्या रांगा लागत असताना एखादा बेसावध पोरगा दिसला की "मागं मानूस!" अशी आरोळी यायची आणि दोनशे पोरं एकदम मागे वळून बघायची. गायकवाड सरांच्या मुलीच्या लग्नात वाढपी जिलबीचं ताट घेऊन निघाले, तर सर मांडवाच्या टोकाला उभे राहून हात उंच करून सांगत होते, "डावीकडं बघा, डावीकडं! ती रांग उघडी पडली!" त्या लग्नात एकही माणूस जिलबीवाचून राहिला नाही.

ते मूळचे घोडेगावचे. वडील तिथल्या जनावरांच्या बाजारात बैलांचे व्यापारी. सर लहानपणी त्यांच्यामागे बाजारभर हिंडलेले. वडिलांनी शिकवलेली एक गोष्ट ते फार मानायचे. नवा बैल लाथ मारणार की नाही, हे त्याच्या डोळ्यांकडे किंवा शिंगांकडे बघून कळत नाही. लाथ मारायच्या आधी तो दुसऱ्या पायावर भार टाकतो. तो पाय बघायचा.

"आन मानूस तरी काय येगळा हाय का?" सर म्हणायचे. "चेंडू मारायचा पाय समदे बघत्यात. आमी दुसरा बघतो."

ते गोली झाले ते मात्र बुटांमुळे. आठवीला वडिलांनी त्यांना नगरला वसतिगृहात ठेवलं. तिथली पोरं संध्याकाळी फुटबॉल खेळायची आणि सगळ्यांच्या पायांत बूट. चांगदेव अनवाणी. "घरी मागितलं असतं तर दिलं असतं की," ते सांगायचे, "पन खेळायला बूट लागत्यात हेच मला ठाव नव्हतं." मग पोरांनी त्यांना दोन दगडांच्या मध्ये उभं केलं. तिथे पाय तुडवले जायची भीती कमी. दोन-तीन संध्याकाळी गेल्या आणि मोठी पोरं भांडायला लागली, की हा बिनबुटाचा आमच्या बाजूला पाहिजे.

पुढे छावणीतल्या जवानांच्या संघाबरोबर सराव, मग पुण्याचा एक क्लब, मग मुंबईतल्या एका कंपनीचा संघ. वडील आयुष्यात एकदाच सामना बघायला पुण्याला गेले. डोक्याला पटका, हातात काठी, पहिल्या रांगेत. नव्वद मिनिटं एकटक बघत बसले. सामना संपल्यावर लेकाजवळ येऊन हळूच म्हणाले, "समदे पळत हुते, तू येकलाच हुबा. तुला खेळाया घेत न्हाईत का रं?"

हे सांगताना सर स्वतःच इतके हसायचे की डोळे पुसावे लागत. त्या दिवशी त्यांच्यावर एकही गोल झाला नव्हता, हे आम्हाला कितीतरी वर्षांनी, तेही दुसऱ्या कुणाकडून कळलं.

कारण सरांची एक गंमत होती. ते फक्त खाल्लेले, म्हणजे स्वतःवर झालेले, गोल सांगायचे.

गोव्याच्या पावसातला एक गोल त्यांचा फार लाडका. तो मी किमान दहा वेळा ऐकला असेल. सर टेबलावर मांडणी करायचे. माझा डबा हा एक खांब, गायकवाड सरांचा डबा हा दुसरा, डस्टर म्हणजे ते स्वतः आणि खडू म्हणजे चेंडू. "हितनं, पार कोपऱ्यातनं, त्या बुटक्यानं चेंडू उचलला. मला वाटलं बाहीर चाललाय. पन तो वळला बाई! वाऱ्यावर वळला. मी झेप घेतली, बरोब्बर घेतली. माझी बोटं ही हितं, चेंडू हा असा. येवढंच अंतर. आन गेला की आत!" मग टेबलावर जोरात थाप आणि चेहरा असा फुललेला, की तो गोल त्यांनीच मारला असावा. "काय हाणला व त्यानं! काय हाणला!"

गायकवाड सर एकदा न राहवून म्हणाले, "अहो, तुम्ही कधी एखादा अडवलाही असेल ना?"

"आसंल की."

"मग तो सांगा."

"त्यात काय सांगायचं?" दरंदले सर खरोखरच गोंधळले. "आडवायलाच तर ठिवलं हुतं मला."

त्यांची कारकीर्दही अशीच, मिरवण्यासारखी नव्हे. कोलकात्याला ते तीन हंगाम होते आणि तिन्ही हंगाम दुसरे गोली. दुसरा गोली म्हणजे काय हे त्यांनीच मला समजावून सांगितलं. पुढचे खेळाडू दर सामन्यात बदलतात, दमला की दुसरा आत जातो. गोल्याचं तसं नाही. पहिल्या गोल्याला काही झाल्याशिवाय दुसऱ्याला जागा मिळत नाही.

"आन त्याला काय व्हावं असं मनातबी आनायचं न्हाई," सर म्हणाले. "रोज त्याच्याबरोबर सराव करायचा, त्याच्याच खोलीत राहायचं, त्याच्या आईचा फोन आला की आपनबी बोलायचं. लई भला मानूस हुता."

"मग तीन वर्षं बाकावर बसून काय केलंत?"

"खेळलो की! बाकावर बसून समदा सामना खेळायचो. ओरडून ओरडून माझाच घसा जास्ती बसायचा."

हे ते कुरकुर म्हणून सांगत नव्हते. मला त्यांच्या बोलण्यात कुरकुर कधी सापडलीच नाही, आणि मी ती शोधली होती.

एकदा शाळेचं मोठं घड्याळ उतरवायचं होतं. आमचे शिपाई किसनभाऊ शिडीवर चढले. शिडीचा पाय सरकला. किसनभाऊ एकीकडे, घड्याळ दुसरीकडे. दरंदले सर व्हरांड्यातून धावले, झेपावले आणि घड्याळ छातीशी कवटाळून पडले. किसनभाऊ लांब उडीच्या खड्ड्यासाठी आणलेल्या वाळूच्या ढिगावर आपटले. फारसं लागलं नाही, पण मन दुखावलं.

"सर, घड्याळ महत्त्वाचं का मानूस?" ते वाळू झटकत म्हणाले.

सर घड्याळ धरूनच उभे होते. चेहरा अपराधी. "किसनभाऊ, गोली मानसाकडं बघतच न्हाई हो. त्याला चेंडूच दिसतो. माझी चूक झाली." मग जरा थांबून, "पन तुमी वाळूकडं चालला हुता, येवढं मात्र दिसलं हुतं."

त्या घटनेनंतर सरांनी एक नवीनच खूळ काढलं. सगळ्या शाळेला पडायला शिकवायचं. पाचवीपासून दहावीपर्यंत प्रत्येक वर्गाचे पहिले दोन महिने खेळाच्या तासाला फक्त पडणं. कसं झुकायचं, खांदा कसा आत घ्यायचा, हात जमिनीवर ताठ टेकायचा नाही, अंग कसं घरंगळू द्यायचं. पालकांच्या तक्रारी आल्या, की पोरं धुळीनं माखून येतात आणि अंगणात उगाच पडत बसतात. सर म्हणायचे, "पडाया आलं की भ्या जातं. भ्या गेलं की मग चेंडू द्यायचा." आम्हा शिक्षकांनाही त्यांनी एका शनिवारी मैदानावर नेलं. मी साडी खोचून तीनदा पडले. पुढच्याच पावसाळ्यात मी व्हरांड्याच्या ओल्या पायरीवरून घसरले आणि काय केलं ते मलाच कळलं नाही, पण घरंगळून उठून बसले. नुसतं खरचटलं. माझ्या वयाच्या तीन मैत्रिणींची मनगटं त्या आधीच प्लास्टरमध्ये जाऊन आली होती.

याच पडण्याच्या तासातून त्यांना सुनीता सापडली. आठवीतली, काटक, उंच. ती पडायची ती अशी, की कुणीतरी गोधडी हळूच पसरून ठेवावी. सरांनी तिला गोलात उभं केलं आणि तिच्याभोवती मुलींचा संघ जमवला. पण दिवाळी झाली की सुनीताचे आई-वडील ऊसतोडीला जायचे आणि तीही बरोबर. तालुक्याच्या पूर्वेकडच्या त्या कोरडवाहू भागातली निम्मी गावं तेव्हा रिकामी व्हायची. सरांना तिच्या आईशी बोलायचं होतं. "तुमी संगं चला बाई," ते मला म्हणाले, "मी येकटा गेलो तर ती माऊली बोलायची न्हाई."

आम्ही गेलो. सुनीताची आई अंगणात ज्वारी पाखडत बसली होती. तिने आम्हाला पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मास्तर, पोरीला ह्यातनं काय यील?"

मला वाटलं सर आता स्पर्धा, बक्षिसं, नोकरीतलं आरक्षण असलं काहीतरी सांगतील. ते म्हणाले, "पडाया यील."

आई सूप खाली ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली. "पडाया? ते काय शिकाया लागतं व्हय?"

"सुनीता, दाखीव."

त्या अंगणात, शेणानं सारवलेल्या टणक जमिनीवर, पोरीनं सरळ उजवीकडे झेप घेतली. आईच्या तोंडून किंकाळी गेली. शेजारच्या दोघी धावत बाहेर आल्या. तोवर सुनीता उठून उभी, परकराची धूळ झटकत हसत होती.

"लागलं का गं?"

"न्हाई."

"कुटंच न्हाई?"

"न्हाई गं."

 आईच्या तोंडावर हसू फुटलं आणि ती म्हणाली, "पुन्यांदा पड बरं."

सुनीता चार वेळा पडली. शेवटच्या वेळेला सगळी आळी गोळा झाली होती. निघताना आई सरांना म्हणाली, "औंदा ऱ्हाऊ द्या तिला मावशीकडं शेवगावात. फुडलं फुडं बघू." तिचं ते 'फुडलं' दरवर्षी फुडंच जात राहिलं. सुनीता आता पुण्यात एका संघाच्या गोलात उभी राहते आणि आईच्या मोबाईलवर तिचे पडतानाचे व्हिडिओ असतात.

अशी वर्षं चालली होती. आणि मग पोरांच्या हातात मोबाईल आले.

दहावीच्या काही पोरांनी सरांचं नाव शोधून पाहिलं. काहीच सापडलं नाही. कोलकात्याच्या त्या क्लबचा एक जुना फोटो मिळाला, पण त्यात कडेला उभ्या असलेल्या माणसाचं डोकं कापलं गेलं होतं. खांदा सरांचा असू शकेल, कुणाचाही असू शकेल. कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, सर तिथे सामान उचलायला होते. ती कुजबुज स्टाफरूमपर्यंत आली, आणि खरं सांगते, आमच्यातल्याही एक-दोघांनी ती ऐकून घेतली. नुसते खाल्लेले गोल सांगणारा माणूस. कुणी असं का करेल?

एके दिवशी मैदानावर एका पोराने विचारलंच. "सर, तुम्ही खरंच खेळला होता का?"

मी वरच्या वर्गाच्या खिडकीत होते. सरांनी त्याच्याकडे बघितलं. "तुला काय वाटतं?" एवढंच म्हणाले आणि चेंडूंची जाळी उचलून खोलीकडे गेले. त्या दिवशी मैदानावरून एकही आरोळी आली नाही. दोन पोरं एकमेकांवर आदळली, कारण 'मागं मानूस' सांगायला कुणी नव्हतं. पुढचे कितीतरी दिवस सर बोलायचे, हसायचे, पण टेबलावर डबे मांडून गोल काही सांगायचे नाहीत. खडू पडला तर झेलायचे आणि गुपचूप ठेवून द्यायचे. मला ती शांतता सहन होत नव्हती.

मग एका शनिवारी, सकाळच्या शाळेला, फाटकाशी एक गाडी थांबली. लष्करी वळणाचे केस कापलेला एक तरुण उतरला आणि त्याच्यामागून पन्नाशीचा एक ठेंगणा, गोल पोटाचा, किंचित लंगडणारा माणूस. मी तेव्हा पर्यवेक्षिका होते, व्हरांड्यातच उभी होते.

"चांगो हांगा आसता?" त्याने विचारलं. माझा चेहरा बघून मग कोकणी वळणाच्या मराठीत, "चांगदेव दरंदले. गोली. तो या शाळेत असतो ना?"

मी मैदानाकडे बोट दाखवलं. सर पाचवीच्या पोरांना पाडत होते. त्यांनी मान वर केली, या माणसाकडे बघितलं आणि शिट्टी तोंडातून गळून पडली. ती मात्र त्यांनी झेलली नाही.

"आंतोन?"

"किते रे चांगो! जिवो आसा मरे! जिवंत आहेस की!"

सर धावत आले आणि त्यांनी त्या गोल माणसाला पाचवीच्या पोराला उचलावं तसं उचललं.

आंतोन गोव्याचा. जावई नगरच्या छावणीत नोकरीला, म्हणून लेकीकडे आला होता. शेवगावच्या एका शाळेत चांगदेव नावाचा जुना गोली शिकवतो, हे त्याला एका जुन्या सोबत्याकडून कळलं होतं. आम्ही त्याला स्टाफरूममध्ये बसवलं, चहा दिला. गायकवाड सरांनी सहज विचारलं, "तुम्ही दोघं एका संघात होता का?"

"नाही हो. मी याच्या विरुद्ध खेळलो. आणि याने मला मारून टाकलं."

"आंतोन, ऱ्हाऊ दे," दरंदले सर म्हणाले.

"का राहू दे? यांना सांगितलं नाहीस?"

आम्ही माना हलवल्या. आंतोनने कप खाली ठेवला. गोव्यात उपांत्य सामना होता. आंतोनचा संघ एका गोलाने मागे, घरचं मैदान, स्टेडियम खच्चून भरलेलं. शेवटची पाच मिनिटं उरली असताना कोलकात्याच्या संघाचा पहिला गोली खांद्यावर पडला आणि त्याला उचलून बाहेर न्यावं लागलं. बाकावरून दरंदले आत आले. दोनच मिनिटांनी आंतोनच्या संघाला पेनल्टी मिळाली. म्हणजे चेंडू बारा यार्डांवर ठेवायचा, मारणारा एकटा, अडवणारा एकटा, मध्ये कुणी नाही. मारणारा आंतोन. त्याने तोवर एकही पेनल्टी चुकवली नव्हती.

"मी मारला तो चांगला मारला होता," आंतोन म्हणाला. "आजही सांगतो. खांबाला लागून आत जाणारा. आणि हा तिथे आधीच पोचलेला."

दरंदले सर खिडकीतून बाहेर बघत होते.

"लोकांनी माझ्या घराच्या भिंतीवर काय काय लिहिलं. हंगाम संपल्यावर क्लबने मला सोडलं. पण त्या दिवशी, सामन्यानंतर, हा माणूस आमच्या खोलीत आला. त्याचा संघ बाहेर नाचत होता आणि हा माझ्या शेजारी तासभर बसला. एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी घरी आला. आमच्या आईने मासे वाढले. याने जन्मात मासा खाल्ला नव्हता. आईने वाढलं म्हणून काट्यांसकट खाल्ला."

आता दरंदले सर हसले. "लई येळ खोकत हुतो."

"सर," गायकवाड सर म्हणाले, त्यांचा आवाज जरा बदलला होता, "एवढी वर्षं तुम्ही हे आम्हाला सांगितलं नाहीत?"

"त्याचा वाईट दिवस हुता त्यो," सर म्हणाले. "मी कशाला गावभर सांगत बसू?"

"त्यानंतर मी कधीच पेनल्टी मारली नाही," आंतोन म्हणाला. "दुसऱ्या क्लबात गेलो, सात वर्षं खेळलो. कुणी सांगितलं की मी म्हणायचो, नको. चेंडूमागे उभा राहिलो की तूच दिसायचास."

दरंदले सर गर्रकन वळले. हे त्यांनाही माहीत नव्हतं. "सात वर्षं?"

"सात वर्षं. आता तरी सांग, तुला कसं कळलं मी कुठे मारणार?"

"सांगितलं तर तू बदलशील," सर म्हणाले आणि त्यांनी आंतोनचा दंड धरला. "ऊठ."

दहा मिनिटांत सगळी शाळा मैदानाभोवती उभी होती. आंतोनच्या पायात चामडी चपला. दहावीतल्या एका पोराने आपले बूट काढून दिले. 'खरंच खेळला होता का' असं सरांना विचारणारा तोच तो पोरगा. सर गोलात गेले, त्यांनी नेहमीसारखी दोन्ही खांबांना हातानं थाप दिली आणि मध्ये उभे राहिले. आंतोन चेंडूमागे उभा. मी त्याचा चेहरा बघितला आणि मला वाटलं, हे करायला नको होतं. तो घाबरला होता.

त्याने पहिला मारला आणि सरांनी तो अडवला. सरळ, स्वच्छ, दोन्ही हातांनी. पोरांचा आवाज निघाला आणि विरला. आंतोनने डोक्यावर हात ठेवले. एक क्षण, दोन क्षण. मग त्याचं पोट हलायला लागलं आणि तो मोठमोठ्याने हसायला लागला. "परत!" तो ओरडला.

दुसरा आडव्या खांबावरून भिंतीपलीकडे गेला. तिसरा खांबाला लागून परत आला. चौथा सरांनी पायाने काढला. पोरं आता दोन्ही बाजूंनी ओरडत होती, मास्तर लोकही. घंटा व्हायची वेळ टळून गेली होती, पण किसनभाऊ हातोडा हातात धरून मैदानाच्या कडेलाच उभे होते.

पाचव्याला आंतोन दोन पावलं जास्त मागे गेला. धावत आला आणि मारला. सर झेपावले, अगदी बरोबर बाजूला, अंग पूर्ण ताणून. चेंडू त्यांच्या बोटांच्या वरून, वरच्या कोपऱ्यातून जाळ्यात गेला. सर धुळीत पालथे पडले. मला वाटलं, लागलं. तेवढ्यात मातीनं माखलेलं ते तोंड वर झालं.

"काय हाणला!" ते ओरडले. "बघितला का व बाई? काय हाणला! काय हाणला व त्यानं!"

ते उठून धावले आणि त्यांनी आंतोनला पुन्हा उचललं, आणि दोघं खाली पडले, आणि मग पोरं त्यांच्यावर पडली. सगळी शाळा पडायला शिकलेली होती.

दोन-तीन दिवसांनी मी सरांना एकटं गाठून विचारलं, की तो पाचवा गोल तुम्ही सोडला तर नव्हता ना? चौदा वर्षांत मी त्यांना रागावलेलं पाहिलं ते फक्त तेव्हा.

"बाई, तुमी गणितात मुद्दाम मार्क देता का कुनाला?"

"नाही."

"मंग," ते म्हणाले. थोड्या वेळानं राग गेला आणि त्यांनी माझा डबा आणि गायकवाड सरांचा डबा ओढून घेतले. "त्यो किती मागनं पळत आला ते बघितलं का तुमी? ह्ये बघा, हा मी..."

मी निवृत्त झाले आणि लेकाकडे नगरला राहायला गेले. सरांचा फोन सणावारी यायचा, बहुतेक वेळा मैदानावरूनच, त्यामुळे अर्धं बोलणं माझ्याशी आणि अर्धं पोरींशी. गेल्या हिवाळ्यात भाचीच्या लग्नाला मिरजगावला गेले होते. परतताना हायवेच्या कडेला एका मोकळ्या मैदानावर मंडप दिसला, पताका दिसल्या, आणि एका टेम्पोच्या हौद्यात निळ्या कपड्यांतल्या पंधरा-वीस मुली उभ्या दिसल्या. मध्ये एक पांढरं डोकं. मी गाडी थांबवायला सांगितली.

मुली जिंकल्या होत्या, हे विचारावं लागलं नाही. एकीच्या गळ्यात झेंडूची माळ, एकीच्या तोंडात अर्धं केळं. सरांनी मला बघितलं. "बाई!" अशी आरोळी आली की रस्त्यापलीकडच्या हॉटेलातली माणसं बाहेर डोकावली. ते काहीतरी सांगायला लागले, कुणीतरी कसा गोल मारला, कुठून मारला, पण टेम्पो सुरू झाला होता आणि अर्धे शब्द इंजिनात गेले. सरांना ते हातांनी दाखवायचं होतं. म्हणून त्यांनी धरलेला गज सोडला, दोन्ही हात वर केले आणि हवेत चेंडू वळवून दाखवू लागले. टेम्पोनं हायवेवर वळण घेतलं. मागच्या चार मुलींनी, एकमेकींकडे न बघता, नेहमीचंच काम असावं तसं, सरांचा शर्ट पाठीमागून घट्ट मुठीत धरला. सरांना त्याचा पत्ताच नव्हता. टेम्पो दिसेनासा होईपर्यंत ते दोन्ही हात वरच होते.